काँक्रीटच्या अंगणावरचे डाग: ॲसिड आधी का नको, आणि त्याऐवजी काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यात फैजपूरजवळ एका घरापुढे बाराशे चौरस फुटांचे काँक्रीटचे अंगण आहे, आठ-दहा वर्षांपूर्वी घातलेले. ट्रॅक्टर उभा राहतो तिथे तेलाचे काळे डाग आहेत. कूलरच्या स्टँडखाली गंज आणि पाण्याचा पांढरा थर आहे. केळीचे घड उतरवतात तिथे चिकाचे तपकिरी-काळे ठिपके पडलेत, आणि सावलीच्या बाजूला पावसाळ्यातले शेवाळ धरले आहे. संडासाचे ॲसिड टाकून पाहिले. तेल तसेच राहिले आणि जमीन मात्र ठिकठिकाणी पांढरट, खरखरीत झाली. आता प्रेशर मशीन भाड्याने आणून, जास्त तीव्र ॲसिड टाकून, दिवाळीआधी सगळे एकदाच धुवून काढावे का?

नाही, भाऊ. ॲसिड इथेच थांबवा. काँक्रीट जात्याच क्षारधर्मी असते. त्यातला सिमेंटचा बंध ॲसिडमध्ये विरघळतो. ॲसिड टाकल्यावर जो फेस येतो तो डाग निघाल्याचा नसतो, अंगणाची साल निघाल्याचा असतो. ही वरची दोन-तीन मिलिमीटरची साल थापी मारून घट्ट बसवलेली असते आणि तीच डाग आत जाऊ देत नाही. ती गेली की खालची वाळू उघडी पडते, छिद्रे मोकळी होतात आणि पुढचे तेल आणखी खोल शिरते. तेलावर तर ॲसिडचा काही परिणामच होत नाही. शिवाय बाजारातले पिवळसर ॲसिड म्हणजे अशुद्ध हायड्रोक्लोरिक. त्यात लोह असते, म्हणून धुतल्यावर काही दिवसांनी पिवळट-हिरवट छटा उमटते. मागे राहणारे क्लोराइड काँक्रीटमधल्या सळईला गंज चढवते, हे वेगळेच.

तुमच्या अंगणात चार-पाच वेगवेगळे डाग आहेत आणि त्यांची औषधे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणून आधी डाग ओळखायचा. एका कोपऱ्यातल्या डागावर पातळ केलेल्या ब्लीचचे चार थेंब टाका आणि दहा मिनिटे थांबा. रंग फिका झाला तर डाग झाडपाल्याचा, चिकाचा किंवा शेवाळाचा. काहीच झाले नाही तर ती जागा भरपूर पाण्याने धुवा, एक दिवस पूर्ण वाळू द्या आणि मग ऑक्झॅलिक ॲसिडचे द्रावण लावा. आता फिका झाला तर लोखंडाचा गंज. पाण्याचा थेंब डागावर गोल उभा राहिला, आत मुरला नाही, तर तेल, मेण किंवा जुना सीलर, म्हणजे पाणी आत मुरू नये म्हणून लावलेला लेप. ॲसिड टाकून फेस येतो का हे पाहण्यात अर्थ नाही, कारण काँक्रीट स्वतःच फेसाळते.

कामाचा क्रम असा ठेवा: कोरडी झाडलोट, मग तेल, मग शेवाळ आणि चीक, मग पांढरा थर, त्यानंतर गंज, आणि सगळ्यात शेवटी प्रेशरने सरसकट धुणे. तेल आधी, कारण तेलकट छिद्रात पाण्यात विरघळवलेले कुठलेच औषध शिरत नाही. शिवाय तेलावर प्रेशर मारला की ते पातळ होऊन चौफेर पसरते. ब्लीच आणि कुठलेही ॲसिड, सल्फॅमिक असो वा ऑक्झॅलिक, यांच्यामध्ये किमान एक दिवस जाऊ द्या आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचवर कुठलेही ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. बंदिस्त वाड्यात किंवा भिंतींनी वेढलेल्या चौकात तो छातीत भरतो आणि माणूस गुदमरतो. ब्लीच आणि ॲसिड एका बादलीत, एका ब्रशने, एका दिवशी वापरू नका.

तेलाचे काम सगळ्यात चिकाटीचे, म्हणून ते सविस्तर सांगतो. ताजे तेल सांडले असेल तर पाणी मारू नका आणि पुसूही नका. लाकडाचा भुसा, कोरडी बारीक माती किंवा थोडे सिमेंट वर पसरा, पायाने दाबा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी झाडून काढा. डिझेल किंवा रॉकेल ओतून घासण्याची सवय गावोगाव आहे. त्याने वरचा काळा थर निघतो, पण पातळ झालेले तेल खाली उतरते आणि उन्हाळ्यात जमीन तापली की पुन्हा वर येते.

जुन्या डागाला लेप लावावा लागतो. लेपात दोन गोष्टी असतात: डाग विरघळवणारे द्रव आणि ते शोषून घेणारी पूड. द्रव आत जाते, तेल सोडवते. मग लेप वाळताना ते छिद्रांतून वर ओढले जाऊन पुडीत येते. म्हणजे खरे ओढण्याचे काम वाळताना होते. पण सोडवण्यासाठी आधी तो पुरेसा वेळ ओला राहिला पाहिजे. आपल्याकडच्या उन्हात उघडा लेप दोन तासांत कडक होतो आणि लोक म्हणतात, लेपाने काही होत नाही.

दोन फूट बाय दोन फूट डागासाठी अडीच ते तीन किलो चिनी माती किंवा खडूची भुकटी घ्या. द्रावणासाठी एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा; असे दीड ते दोन लिटर पुरते. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचे नाही. ते उकळून अंगावर उडते. भांडे प्लास्टिकचे घ्या, ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाते. द्रावण थोडे थोडे घालत श्रीखंडाइतके घट्ट होईपर्यंत पूड कालवा. डागाची जागा आधी गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासून घ्या. मग लेप बोटाच्या जाडीपेक्षा थोडा कमी, म्हणजे आठ ते दहा मिलिमीटर, आणि डागाच्या कडेपलीकडे दोन इंच पसरा. वर प्लास्टिकचा कागद घालून कडा विटांनी दाबा. चोवीस तासांनी कागद काढा आणि लेप पूर्ण वाळून तडकेपर्यंत हात लावू नका. लाकडी पट्टीने खरवडा, गरम पाण्याने धुवा, ब्रशने घासा. पहिल्या खेपेला डाग साधारण निम्मा फिका होईल. गिअर ऑइल आणि हायड्रॉलिक तेलाला दोन-तीन खेपा लागतात. आठ-दहा वर्षे मुरलेला डाग शंभर टक्के जाईल असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सावलीसारखी छटा राहते, ती पुढे उन्हाने आणि वापराने कमी होत जाते.

कॉस्टिक हाताळायचे नसेल तर धुण्याचा सोडा, १०० ग्रॅम प्रति लिटर गरम पाण्यात, हाही चालतो. फक्त खेपा वाढतात. पेट्रोलचा लेप मात्र करू नका. दुपारच्या उन्हात वाफ धरून एका बिडीने पेट घेईल.

चिकाचा डाग यावल-रावेर पट्ट्याचा खास. केळीचा चीक निघताना पाण्यासारखा दिसतो आणि हवा लागली की तपकिरी होतो, कारण त्यातले फेनॉल जातीचे पदार्थ हवेशी संयोग पावतात. काँक्रीटच्या क्षाराने हे आणखी लवकर होते. विळ्याचे किंवा मातीतले लोह त्यात मिसळले तर रंग काळा-निळसर होतो. म्हणून या डागाला दोन टप्पे. आधी सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, ८० ते १०० ग्रॅम प्रति लिटर कोमट पाण्यात घोळून लगेच ओता. हे द्रावण तासाभरात दम सोडते, साठवून ठेवता येत नाही. अर्धा ते पाऊण तास जागा ओली ठेवा, वाळायला लागली तर पुन्हा शिंपडा, मग घासून धुवा. तपकिरी रंग जातो. राखाडी-काळा भाग उरला तर तो लोहाचा; तो पुढे गंजाच्या टप्प्यात ऑक्झॅलिकने निघतो. अंगणात घड उतरवायचेच असतील तर खाली ताडपत्री टाका, किंवा चीक वाळण्याआधी पाण्याची एक बादली मारा. ताज्या चिकाला तेवढे पुरते, वाळलेल्याला अर्धा दिवस जातो. जांभूळ, बदाम आणि चिंचेच्या पाल्याचे डाग, तसेच पान-गुटख्याच्या पिचकाऱ्या याच पद्धतीने काढा. पिचकारीतला चुना आधी पाण्याने आणि ब्रशने निघतो, काताचा रंग मागाहून.

मिरचीचा लाल डाग पडला असेल तर घाई करू नका. नंदुरबारकडे हे वरचेवर दिसते. तो रंग तेलात विरघळणारा असतो आणि उन्हात आपोआप उडतो. साबणाने तेलकटपणा काढा, दोन-तीन आठवडे ऊन लागू द्या, राहिलेल्याचा मग विचार करा.

शेवाळ सोपे आहे. २०० ते ३०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर दहा लिटर पाण्यात ढवळा, अर्धा तास निवू द्या आणि वरचे नितळ पाणीच वापरा. खालचा चुन्याचा गाळ अंगणावर गेला तर पांढरे पट्टे उमटतात. पावडर सीलबंद, ताजी घ्या. उघड्या पोत्यातली निम्मी मेलेली असते. झारीने शिंपडा, पंधरा-वीस मिनिटे ओले ठेवा, काथ्याच्या किंवा नायलॉनच्या कडक ब्रशने घासा, धुवा. नुसता प्रेशर मारला तर हिरवा थर उडतो, पण छिद्रातले शेवाळाचे अंश जिवंत राहतात आणि पुढच्या आषाढात त्याच जागी परत येते. सावली आणि ओल हे मूळ कारण आहे. पागोळ्यांचे पाणी कुठे पडते, उतार कुठे अडतो, ते आधी पाहा.

कूलरच्या खालचा डाग दोन थरांचा असतो. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. कूलर महिनोन्‌महिने थेंबथेंब गळतो, पाणी उडून जाते आणि कॅल्शियमचा पांढरा थर राहतो. त्यावर पत्र्याच्या ट्रेचा गंज. पांढरा थर आधी काढावा लागतो, कारण ऑक्झॅलिक ॲसिड कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा पांढरा चुरा तयार करते आणि आतला गंज तसाच राहतो. पत्रीने किंवा लाकडी ठोकळ्याने जेवढा कोरडा निघेल तेवढा काढा. उरलेल्याला सल्फॅमिक ॲसिड, ५० ग्रॅम प्रति लिटर. इथे सौम्य ॲसिड चालते, पण जमीन आधी पाण्याने पूर्ण भिजवून, वर साचलेले पाणी झाडून घेतल्यावरच. छिद्रे पाण्याने भरलेली असली की ॲसिड वरच राहते, आत उतरत नाही. पाच मिनिटे ठेवा, ब्रश मारा, लगेच धुवा.

त्यानंतर गंज. ऑक्झॅलिक ॲसिडची पूड केमिकलच्या दुकानात मिळते. १०० ग्रॅम एक लिटर गरम पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत. जमीन भिजवा, द्रावण लावा आणि दोन-तीन तास ओले ठेवा, मधूनमधून शिंपडत. नायलॉन ब्रशने घासा. तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे बारीक कण काँक्रीटमध्ये अडकून पहिल्या पावसात नवे गंजाचे ठिपके देतात. धुतल्यावर धुण्याचा सोडा, ५० ग्रॅम प्रति लिटर, शिंपडून पाच मिनिटांनी पुन्हा धुवा. खोल गेलेल्या गंजाला सोडियम सायट्रेटचा लेप चांगला: एक भाग सायट्रेट सहा भाग कोमट पाण्यात विरघळवा, त्यात सात भाग ग्लिसरीन घाला आणि चिनी मातीत कालवून दोन दिवस ठेवा. काँक्रीटला ते अजिबात खात नाही, म्हणून बारीक घोटलेल्या किंवा रंगीत जमिनीवर मी आधी हेच सुचवतो.

मायक्रोन्यूट्रिएंट खताच्या किंवा फेरस सल्फेटच्या पिशव्या अंगणात ठेवल्या असतील तर तिथला तांबूस डागही लोहाचाच, उपाय तोच. मोरचुदाचा निळा-हिरवा डाग मात्र तांब्याचा. त्याला एक भाग नवसागर, चार भाग टाल्क पूड आणि अमोनियाचे पाणी यांचा लेप लावतात, आणि नंतर धुणे मनापासून करावे लागते, कारण अमोनियमचे क्षार काँक्रीटमध्ये राहिले तर ते कमकुवत करतात. याच कारणाने खतांच्या गोण्या काँक्रीटवर थेट न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात.

भरताच्या पार्टीचाही एक डाग असतो. थंडीत अंगणातच पऱ्हाट्या-तुराट्या पेटवून वांगी भाजली जातात. काजळी कोरड्या ब्रशने उचलून, मग धुण्याच्या सोड्याने निघते. ब्लीचने निघत नाही, कारण ती कार्बन आहे. पण जाळाखाली काँक्रीटमधली ओल वाफ होते, खडी फुगते आणि वरची साल टवक्यांनी उडते. तो खड्डा कुठल्याही धुण्याने जाणार नाही. पत्रा टाकून त्यावर चार इंच वाळू किंवा मातीचा थर द्या आणि जाळ त्यावर करा.

आता प्रेशर मशीन. काँक्रीट नवे असेल तर किमान २८ दिवस मशीन लावू नये. तुमच्याकडे तो प्रश्न नाही. ज्या भागात ॲसिड पडले तिथे साल कमकुवत झाली आहे, तिथे मशीनचा दाब ८० ते १०० बारच्या पुढे नेऊ नका. बाकी अंगणाला १२० ते १५० पुरे. नोझल हिरवा, म्हणजे २५ अंशांचा, किंवा पांढरा, ४० अंशांचा. लाल, शून्य अंशाचा नोझल काँक्रीटमध्ये रेघ कोरतो आणि ती रेघ कायमची राहते. फवारा सुरू करताना बंदूक हवेत धरा, मग एक-सव्वा फुटावरून खाली आणा. एका चालीत, प्रत्येक पट्टा आधीच्यावर एक तृतीयांश चढवत पुढे जा. मध्येच थांबून एखाद्या डागावर जोर दिला की तिथे पांढरा गोल पडतो. गोल फिरणारे सरफेस क्लीनरचे भांडे मिळाले तर पट्ट्यांचा प्रश्नच येत नाही, पण मोठ्या भांड्याला मिनिटाला बारा-पंधरा लिटर पाणी देणारे मशीन लागते. घरगुती सहा-सात लिटरच्या मशीनला दहा-बारा इंचांचे भांडे घ्या. फवाऱ्यापुढे हात किंवा पाय आणू नका. पाणी कातडीखाली घुसले तर जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आतून गंभीर असते, तेव्हा लगेच दवाखाना गाठा.

पाणी मोजून घ्या. मिनिटाला दहा लिटरचे मशीन तीन तास चालले तर १,८०० लिटर झाले, औषधे धुण्याचे पाणी वेगळे. नळ दोन-तीन दिवसांआड येत असेल तर टाकी भरल्याशिवाय सुरुवात करू नका. अर्धवट धुतलेले काम दुसऱ्या दिवशी जोडले की सांधा दिसतो. बोअरच्या पाण्यात बारीक रेती येते, तिने मशीनचे व्हॉल्व्ह जातात, म्हणून तोंडाला फिल्टर हवाच. टाकी मशीनच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. वायर ओल्या जमिनीवरून न नेता उंचावरून घ्या आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असलेल्या बोर्डातूनच जोडा.

ही सगळी कामे सकाळी सात ते दहा या वेळेत करा. मे महिन्यात, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा, हे काम काढूच नये. औषध लावता लावता वाळते आणि स्वतःचाच डाग पाडते. पावसाळा संपून दिवाळीपर्यंतचे दिवस उत्तम. शेवटचे जड पाणी उन्हात वाळू दिले तर सगळ्या अंगणावर पांढरी झाक येते, म्हणून ते रबरी वायपरने ओढून काढा.

धुतलेले पाणी विहीर, बोअर, तुळस आणि केळीच्या वाफ्यांपासून लांब काढा. ऑक्झॅलिकचे पाणी गुरांना विषारी आहे. गव्हाणीजवळ काम असेल तर गुरे दुसरीकडे बांधा आणि जागा दोनदा धुतल्याशिवाय परत आणू नका. तेलाचे लेप खड्ड्यात न पुरता पोत्यात भरून वेगळे ठेवा. हातमोजे, चष्मा आणि गमबूट सगळ्या टप्प्यांत हवेत. ओट्याच्या कडेला शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर तिच्यावर ऑक्झॅलिक आणि सल्फॅमिकचा थेंबही पडू देऊ नका. ती चुनखडीची आहे, तिची चमक कायमची जाते. पेव्हर ब्लॉक असतील तर फवारा सांध्यांना तिरका मारा, आणि उडालेली कच वाळल्यावर पुन्हा भरा.

राहिले तुमचे पांढरट, खरखरीत चट्टे. त्यांना डाग समजून घासत बसू नका. तिथे सिमेंटच गेले आहे. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले ॲसिड मारा, भरपूर धुवा आणि लिटमस कागद लावून खात्री करा. पिवळट छटा असेल तर ऑक्झॅलिकने जाईल. धूळ सुटत असेल तर लिथियम सिलिकेटचा हार्डनर, म्हणजे काँक्रीट घट्ट करणारे द्रव, दोन हात द्या, वरची वाळू बांधली जाते. रंगातला फरक मात्र राहील. तो नकोच असेल तर डायमंड पॅड लावलेल्या ग्राइंडरने सगळे अंगण हलके घासून एकसारखे करणे, किंवा पॉलिमर मिसळलेला दोन-तीन मिलिमीटरचा थर देणे, एवढेच दोन मार्ग आहेत. दोन्हीला खर्च येतो. काळ्या मातीवरचा स्लॅब असेल आणि भेगा पावसाळा-उन्हाळ्यात उघडझाप करत असतील तर पातळ थर टिकणार नाही, तेव्हा घासणेच बरे.

सगळे झाल्यावर अंगण कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळू द्या आणि मग सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा आत मुरणारा सीलर लावा. चकचकीत ॲक्रिलिकचा थर उघड्या अंगणावर नको. खालून येणारी ओल अडते, वरून ऊन खाते, आणि दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतात. मुरणारा सीलर पाणी, चीक आणि शेवाळ रोखतो. तेलाला तो फक्त उशीर लावतो, म्हणून ट्रॅक्टरच्या इंजिनखाली भुसा भरलेला पत्र्याचा ट्रे ठेवावाच लागेल. दरवर्षी पावसाळ्याआधी तीन-चार ठिकाणी पाणी शिंपडून पाहा. थेंब उभे राहिले तर सीलर शाबूत आहे. जमीन लगेच काळपट झाली तर तेवढ्या भागाला नवा हात द्या.